रिकामा दिवस रिकामाच ठेव

चि. खेळाडूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कबड्डीच्या सामन्यात उत्तरार्धातल्या शेवटच्या दहा मिनिटांत पाय उचलत नाहीत, बोनस गुणाच्या रेषेपलीकडे पाय टाकेपर्यंत कोपरारक्षक घोट्याशी आलेला असतो, आणि उपाय म्हणून तू पहाटे आठ किलोमीटर पळायला लागलास. दम कमी पडतोय, असं तुझं निदान. ते चुकलंय. तुझा दम चांगला आहे, उद्यापासून ते पळणं बंद कर.

तू लिहून पाठवलेला आठवडा मी कागदावर मांडला. सोमवार ते शुक्रवार सकाळी जिम, संध्याकाळी मॅट. शनिवार-रविवार निमंत्रित स्पर्धा, एकाच रात्री कधी दोन सामने, दुसरा संपेपर्यंत एक वाजलेला. मग गाडीतून घर, आणि सोमवारी सकाळी पुन्हा जिम. यात रिकामा दिवस कुठे आहे? मला सापडला नाही. तुझ्या सगळ्या प्रश्नांचं मूळ तिथे आहे, म्हणून या पत्रात मी तेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळलास तरी वाच.

चढाई ३० सेकंदांची. तेवढ्यात थांबणं, वळणं, सूर मारणं, उडी मारणं आणि शेवटी दोघा-तिघांना ओढत मध्यरेषा गाठणं. या कामाला लागणारं इंधन स्नायूतच साठवलेलं असतं, त्याला फॉस्फोक्रिएटिन म्हणतात. ते काही सेकंदांत खर्च होतं. निम्मं भरून यायला साधारण अर्धा मिनिट लागतं, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. आता हिशेब कर. दोन्ही संघ आलटून पालटून चढाई करतात. तू दर दुसऱ्या चढाईला जातोस, म्हणजे परत आल्यावर तुझी पुढची चढाई दीड मिनिटात येते. त्या दीड मिनिटातही तू बचावात कव्हरच्या जागी उभा राहून पकडीत घुसतोस. टाकी भरतच नाही. लांब पळून या टाकीला फारसा उपयोग नाही. त्यासाठी २० सेकंद चढाईच्या हालचाली, ४० सेकंद थांबणं, असे सहा फेरे आणि मग चार मिनिटं पूर्ण विसावा. असे तीन संच, आठवड्यातून दोनदाच, तेही पाय ताजे असतील तेव्हा.

दुसरा थकवा वेगळा आहे, आणि तुझी गाडी तिथे अडलीय. दुहेरी पटाच्या पकडीत अडकलेला पाय तू ओढतोस तेव्हा मांडीचा स्नायू आकसायचा प्रयत्न करत असतानाच ताणला जातो. अशा ताणात स्नायूंचे बारीक तंतू फाटतात. वर खांदा, बरगडी, नडगी यांवर मार बसतो तो वेगळा. हे दुखणं सामन्याच्या रात्री टोकाला जात नाही, एक ते तीन दिवसांत जातं. रविवारी रात्री खेळलास तर सर्वात वाईट अवस्था सोमवारी रात्री किंवा मंगळवारी. आणि मंगळवारी तू काय करतोस? वजन घेऊन बैठका! फाटलेल्यावर पुन्हा फाडतोस, आणि गुरुवारी चढाई जड झाली की स्वतःला आळशी म्हणतोस.

म्हणून सोमवार रिकामा. रिकामा म्हणजे जिम नाही, मॅट नाही, 'जरा हलकंच' म्हणून मित्रांबरोबर खेळणंही नाही. वीस-तीस मिनिटं चालायचं, अंग मोकळं करायचं, पोटभर जेवायचं आणि झोपायचं. मंगळवारी शरीराच्या वरच्या भागाचा व्यायाम आणि मॅटवर अंगाला अंग न लावता फक्त पायांची हालचाल. बैठका आणि पकडीचा खरा सराव बुधवारी. शुक्रवारी पुन्हा हलकं.

थकव्याचा अंदाज करायचा नाही, तो वहीत लिहायचा. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, नाडी मोज. रोजच्यापेक्षा सात-आठ ठोके जास्त सलग दोन दिवस दिसले तर अंग सावरलेलं नाही किंवा ताप येऊ घातलाय. मग झोपेचे तास आणि दुखण्याला दहापैकी गुण लिही. सरावाआधी हाताला खडू लावून भिंतीजवळ जागेवरून उंच उडी मार, तीनपैकी सर्वात उंच खूण धर आणि उभ्याने हात पोहोचतो तिथपासून ती मोज. ताज्या अंगाने ५५ सेंटिमीटर जात असशील आणि आज ५० च्या खाली आलास, तर त्या दिवशी पायांचा सराव रद्द. शेवटी सरावाची मिनिटं गुणिले सराव किती जड गेला त्याचे दहापैकी गुण. नव्वद मिनिटं आणि सात गुण, म्हणजे ६३०. सामनेही असेच मोज आणि आठवड्याची बेरीज कर. ती एकदम उसळली की पुढच्या दहा-पंधरा दिवसांत स्नायू धरतो, असं मी फार वेळा पाहिलंय. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघ्यावर बसून, घोटे जोडीदाराला धरायला लावून, सावकाश पुढे झुकण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा कर. त्याने हा स्नायू फाटण्याचं प्रमाण खूप कमी होतं. पण तोही रिकाम्या दिवशी नाही.

झोपेबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस. आठ तासांच्या खाली चालणार नाही, स्पर्धेच्या दिवसांत नऊ. रात्री एकला सामना संपल्यावर डोळा लागत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तर सोमवारी सकाळी गजर लावायचा नाही.

तुझं वजन ७८ किलो. दिवसाला १२५ ते १५० ग्रॅम प्रथिनं हवीत, ती चार-पाच वेळांत वाटून. अंडी, दूध, पनीर, मासे, चिकन, डाळ-उसळ, जे घरी चालतं ते. सामन्यानंतर तासाभरात ८० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं: दोन केळी आणि मोठी वाटी भात. स्पर्धेच्या ठिकाणी मिळेल त्या वडापाववर रात्र काढू नकोस, डबा ने. सामन्याच्या आधी आणि नंतर वजन कर. दीड किलो घटलं तर पुढच्या काही तासांत दोन लिटर पाणी जायला हवं, त्यात मीठ, साखर, लिंबू. नुसतं पाणी घटाघटा प्यायलास तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. ८५ किलोच्या मर्यादेत बसण्यासाठी तुझे काही सोबती लघवीच्या गोळ्या घेतात ना? त्या गोळ्यांवर उत्तेजकविरोधी नियमांत बाराही महिने बंदी आहे. त्यांना सांग.

बर्फाच्या पाण्याचं विचारलंस. लागोपाठ दिवशी सामने असतील तर १० ते १५ अंशांच्या पाण्यात दहा-बारा मिनिटं बसायला हरकत नाही. ताकद वाढवण्याच्या महिन्यांत मात्र व्यायामानंतर रोज बसू नकोस, कमावलेलं कमी होतं. आणि दुखणं दाबायची गोळी खाऊन मैदानात उतरणं आजपासून बंद. घामाने सुकलेल्या अंगात ती गोळी मूत्रपिंडावर ताण आणते, आणि गुडघा थांब म्हणत असेल तर तुला ऐकूच येत नाही. डोक्याला गुडघा लागून क्षणभर जरी अंधारी आली, तरी त्या दिवसाचा खेळ संपला. मग डॉक्टरला दाखवायचं आणि पायरी पायरीने परतायचं, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. इथे कप्तानाचं, मंडळाचं, कुणाचंच ऐकायचं नाही.

तू म्हणतोस, प्रो कबड्डीत पोरं एवढं खेळतातच. खेळतात. २०२३-२४ च्या दहाव्या हंगामात तीन महिन्यांत प्रत्येक संघाने साखळीचे २२ सामने खेळले. पण तिथे फिजिओ असतो, जेवण मोजून येतं, बाकावर बदली चढाईपटू असतो. तुझ्या गाडीत यातलं काहीही नाही. म्हणूनच तुला रिकामा दिवस त्यांच्यापेक्षा जास्त लागतो.

मंडळाला नाही कसं म्हणू, हा तुझा खरा प्रश्न. बक्षिसाची रक्कम घरी लागते, नोकरीसाठी नाव दिसावं लागतं, हे मला शिकवू नकोस, मी त्याच गल्लीतला आहे. तरीही सांगतो: महिन्यात दोन स्पर्धा निवड, जिथे निवड समितीची माणसं येतात त्या. बाकीच्यांना आधीच नकार दे, आयत्या वेळी नाही. मी पोरांना मऊ करतो, असं काही जण म्हणतात. मैदानात रक्त आटवल्याशिवाय खेळाडू घडत नाही, असंही ऐकवतात. म्हणू देत. पंचविशीत गुडघ्याला पट्टी बांधून गुणलेखकाच्या टेबलाशी बसलेले उत्तम चढाईपटू मी इतके पाहिलेत की या बाबतीत मी वाकणार नाही. त्यांच्यात दम कमी असलेला एकही नव्हता. त्यांना सोमवार कुणी दिला नाही, हे मला अजून सलतं. म्हणून तुझ्यावर एवढा चिडतोय.

तर या रविवारच्या स्पर्धेला नाव देऊ नकोस. कप्तानाला आजच फोन कर, कारण सांगत बसू नकोस. वही उद्या सकाळच्या नाडीपासून सुरू कर आणि तीन आठवड्यांनी पानांचे फोटो पाठव. उडीचे आकडे गाळू नकोस. सोमवारच्या रकान्यात सरावाचं काहीही लिहिलेलं दिसलं, तर मी पुढचं वेळापत्रक बनवून देणार नाही.