सुई-दोऱ्याचे सवाल: ‘घरीच तर करतेस, मग एवढे पैसे कसले?’

क्रोशाच्या विणकामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रं या वेळी घेतली आहेत. ‘तुमच्या सुंदर सदराबद्दल’ने सुरू होणारे पहिले परिच्छेद मी बिनदिक्कत कापले आहेत, राग नसावा.

मी केसांत माळायचे क्रोशाचे गजरे करते आणि इन्स्टाग्रामवर २५० रुपयांना विकते. ओळखीच्या बायका म्हणतात, ‘घरीच तर बसून करतेस, शंभरला दे.’ बाजारातही तसाच गजरा ८० रुपयांना मिळतो. मी जास्त लावतेय का? (सातारा)

आधी त्या ८० रुपयांच्या गजऱ्याचं बोलू. स्वेटरसारखं विणकाम यंत्रावर होतं, क्रोशासारखी दिसणारी जाळीही यंत्रावर निघते. पण सुईने फास उचलून एकेक खांब घालायचा खरा क्रोशा मात्र अजून हातानेच होतो. म्हणजे बाजारातला तो गजराही कुणीतरी घरी बसूनच केलाय. दुकानदाराचा नफा, वाहतूक आणि दोरा वजा करून त्या बाईच्या हातात काय पडलं असेल, ते तुम्हीच काढा. त्या किमतीशी बरोबरी करायला जाणं म्हणजे तिच्याबरोबर आपणही खड्ड्यात उतरणं.

आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर म्हणून गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर तिथे क्रोशाची लेस आली आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी पसरली. तिथला माल परदेशी जातो, २०२४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या विणकरणींचा अभ्यास करून १९८२मध्ये तो प्रसिद्ध केला. बाया रोज सहा-सहा, आठ-आठ तास विणत होत्या, पण व्यापारी त्यांना ‘घरी बसणाऱ्या’ म्हणत आणि विणकामाला ‘फावल्या वेळातला उद्योग’. फावला वेळ म्हटला की मजुरी द्यायचा प्रश्नच मिटतो ना! तुमच्या ओळखीच्या बायकांना हे गणित ठाऊक नसेल, पण त्या बोलतायत तेच.

आता तुमचा हिशेब. समजा गजऱ्याला दोरा ३० रुपयांचा, पिशवी आणि कार्ड मिळून १० रुपये, वेळ दोन तास. तासाला ८० रुपये धरा, घरकामाला येणाऱ्या मावशींना आपण याहून कमी देत असू तर त्याचा विचार वेगळा करू. झाले २००. त्यावर बिघडून उसवलेले नग, फोटो काढणं, ‘ताई, अबोली रंगात आहे का?’ला रात्री अकरा वाजता उत्तर देणं, यासाठी पाचवा हिस्सा चढवा. २४० झाले. तुमचे २५० अगदी रास्त आहेत.

वेळ मात्र अंदाजाने धरू नका. फोनवरचं घड्याळ लावून सलग तीन गजरे विणा. पाकळ्या जोडणं आणि दोऱ्याची टोकं आत ओवून लपवणं यात किती वेळ जातो ते बघून धक्का बसेल. विणणं पटापट होतं, ही शेवटची शिलाईच वेळ खाते, आणि तीच हिशेबात धरायची राहते.

हेच गणित खांद्याच्या पिशवीला लावलंत तर बारा तासांचे ९६० आणि जाड सुताचे ४०० आणि वर पाचवा हिस्सा धरून सोळाशेच्या पुढे जातं, मग लोक फोटोला बदाम टाकतात आणि पुढे सरकतात. म्हणून नव्याने विकू पाहणाऱ्यांना मी कानातले, रबरबँड, चावीला अडकवायची फुलं, ब्रोच असल्या लहान वस्तू सुचवते. पिशवी ऑर्डर आली तरच करा, निम्मे पैसे आधी घेऊन.

संक्रांतीच्या वाणाच्या ऑर्डरबद्दलही जाता जाता सांगते, कारण तुम्हाला ती येणारच. ‘पन्नास नग घेते, कमी करा.’ एकगठ्ठा दोरा घेतल्याने जे वाचतं तेवढं जरूर कमी करा. तास मात्र पन्नास नगांना पन्नासपटच लागतात, एकही मिनिट घाऊक भावात मिळत नाही. आणि अशी ऑर्डर दिवाळीनंतर लगेच हातात घ्या. पौषात सुरू केलंत तर रथसप्तमीला रात्री जागाल.

एसटीतून निवृत्त झालो. नातीसाठी टोपी विणायची इच्छा आहे. सौभाग्यवती हसतात. कोणती सुई, कोणती लोकर? (कोल्हापूर)

काका, मासे धरायची जाळी पिढ्यान्‌पिढ्या पुरुषही विणत आलेत, हे काकूंना माझ्या वतीने सांगा.

सुई ४ किंवा ४.५ मिलिमीटरची, रबरी मुठीची घ्या. अगदी बारीक पोलादी सुई आणि बारीक दोरा आत्ता नको, त्यांनी डोळे जातात आणि उत्साहही. लोकर मध्यम जाडीची, फिक्या रंगाची. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, केसाळ लोकरीत चुकलं तर उसवता येत नाही. नात तान्ही असेल तर मऊ सुती दोरा बरा, केसाळ लोकरीचे तंतू बाळाच्या तोंडात जातात.

थेट टोपीला हात घालू नका. वीस साखळ्यांवर नुसत्या मुक्या खांबांचा (सुईवर दोऱ्याचा वेढा न घेता घातलेला आखूड टाका) चौकोन करा. पाच-सहा ओळींनंतर तो चौकोन समोशासारखा निमुळता होईल, सगळ्यांचा होतो. ओळीचा शेवटचा टाका कडेला दडून बसतो आणि आपण तो सोडून देतो, म्हणून. प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात एक सेफ्टी पिन अडकवा. परत फिरून आलात की पिनेतल्या टाक्यात सुई घालायचीच. चौकोन सरळ आला की टोपी टाळूपासून गोल सुरू करा.

अंगठा दुखायला लागला तर सुई पेन्सिलीसारखी धरताय का सुरीसारखी ते पाहा आणि दुसरी पद्धत करून बघा. अर्ध्या तासाने उठायचंच. बोटांना मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल तर मात्र विणणं थांबवून डॉक्टरांना मनगट दाखवा.

ताई, मी कॉलेजात आहे. क्रोशाच्या कार्टून बाहुल्यांना खूप मागणी आहे. पिकाचू, डोरेमॉन वगैरे करून विकले तर चालतं ना? सगळेच करतात. (नाशिक)

सगळे करतात हे खरं, चालतं हे खरं नाही. ती पात्रं कंपन्यांच्या मालकीची आहेत, परवानगीशिवाय विकलीस तर तुझं पेज एका तक्रारीवर बंद होऊ शकतं. मैत्रिणीला वाढदिवसाला एक करून दे, कुणी विचारायला येणार नाही. विकायला स्वतःचं काहीतरी काढ. नाशिकची आहेस, द्राक्षांचा घड कर! जांभळे-हिरवे गोळे एकत्र ओवलेली चावीची साखळी मी तरी अजून फारशी पाहिलेली नाही.

दुसऱ्याच्या नमुन्यावरून वस्तू करून विकताना त्या नमुन्याखाली काय लिहिलंय ते वाच. बऱ्याच जणी ‘वस्तू विका, माझं नाव द्या, नमुना मात्र विकू नका’ असं लिहितात. आणि नमुना अमेरिकी आहे का ब्रिटिश ते बघून घे. अमेरिकेतला सिंगल क्रोशे तो ब्रिटनमधला डबल क्रोशे. ससा करायला जावं आणि ढिला, भोकं पडलेला, आतला कापूस दाखवणारा प्राणी तयार व्हावा, तो यामुळे.

तू विचारलं नाहीस तेही सांगते, कारण हे बहुतेकींना माहीत नसतं. १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आपल्याकडे बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरो) प्रमाणचिन्ह सक्तीचं आहे. त्यातून विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंदणी केलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना सूट आहे. त्या कार्यालयाकडून कारागिरांना ‘पहचान’ ओळखपत्र मिळतं, त्यासाठी अर्ज कर. इतर योजनांनाही ते कामी येतं. आणि तीन वर्षांखालच्या बाळासाठी बाहुली असेल तर प्लास्टिकचे डोळे लावू नकोस, दोऱ्यानेच भरून काढ. आतून चकती बसवलेले डोळेसुद्धा क्रोशाचा टाका ताणला की निघून येतात.

अमेझॉनसारख्या ठिकाणी विकायचं तर जीएसटी नंबर लागतोच, असं एक जण सांगतो. दुसरा म्हणतो नाही लागत. (रत्नागिरी)

दोघांचंही अर्धं बरोबर. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. आधी मोठ्या संकेतस्थळांवरून विकायचं म्हटलं की पहिल्या रुपयापासून ती लागायची. १ ऑक्टोबर २०२३पासून, राज्याबाहेर न विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना त्यात सूट मिळाली. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅनवरून एक नावनोंदणी क्रमांक तेवढा घ्यावा लागतो.

परराज्यात माल पाठवायचा तर नियम कडक आहेत. यादीतल्या ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना २० लाखांपर्यंत सवलत आहे, पण पॅन आणि ई-वे बिलाच्या (मालासोबत ऑनलाइन काढायचा वाहतुकीचा कागद) अटीवर. तुमची वस्तू त्या यादीत बसते का, हे सीएकडून एकदा लिहून घ्या. त्याची फी वर्षाच्या खर्चात टाका आणि निवांत झोपा.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष मोठ्या संकेतस्थळांच्या नादी लागूच नका. तिथे तुमचा कानातल्याचा जोड यंत्रावरच्या प्लास्टिकशेजारी मांडला जातो आणि किमतीच्या चढत्या क्रमाने लावला जातो. व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम आणि एखादं प्रदर्शन पुरे. बचत गटात असाल तर मुंबईचं महालक्ष्मी सरस किंवा पुण्याची भीमथडी जत्रा यांच्या अर्जांवर लक्ष ठेवा. गिऱ्हाईक वस्तू हातात घेतं, उलटी करून बघतं, मग किमतीची कटकट निम्मी होते.

एका गिऱ्हाइकाने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, मी पार्सल पाठवलं, पैसे आलेच नाहीत. दुसऱ्याने ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हटलं. (ठाणे)

स्क्रीनशॉट हे चित्र आहे, पैसे नव्हेत. बँकेच्या खात्यात रक्कम दिसल्याशिवाय पार्सलवर पत्तासुद्धा लिहू नका. पैसे घ्यायला ना क्यूआर स्कॅन करावा लागतो ना पिन टाकावा लागतो. जो तसं सांगतो त्याच्याशी संभाषण तिथेच संपवायचं. फसगत झाली असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जितका उशीर तितकी रक्कम लांब जाते. पार्सल स्पीड पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५पासून त्यातच विलीन झालंय, तेव्हा त्याची चौकशी करून खिडकीवरच्या माणसाला पिडू नका.

ऑर्डरी चांगल्या येतात, पण आता सुई हातात घ्यावीशी वाटत नाही. सध्या एकाच शाळेसाठी चाळीस पिवळे रबरबँड करतेय. छंदाचा धंदा केला हे चुकलं का? (डोंबिवली)

चाळीस पिवळे रबरबँड कुणालाही नकोसे होतील हो, त्यात छंदाचा काय दोष? दहा झाले की मध्ये दुसरं काही करा, आणि उरलेल्यांसाठी आठवड्याची मुदत मागून घ्या. शाळा देते. मागितली नाही म्हणून दिली नसते. मात्र चाळिसांची लोकर आधीच घेऊन ठेवा, लेबलवरचा लॉट क्रमांक पाहून. पिवळा तोच, कंपनी तीच, पण लॉट वेगळा असला की उन्हात दोन पिवळे दिसतात, आणि शाळेच्या बाईंना ते नक्की दिसतात.

दुसरं म्हणजे एक काम असं ठेवा की ज्याचा फोटो पेजवर टाकायचा नाही. टाकलात की ‘किंमत?’ येणार, आणि मग त्याचीही ऑर्डर होणार. माझं सध्या पातळ दोऱ्याचं, अननसाच्या नक्षीचं टेबलावरचं कापड चालू आहे. तास मोजत नाही. कुणी मागितलं तर नाही म्हणायला मला फार आवडतं.

चैत्र आणि आषाढ हे माझ्याकडे मंदीचे महिने असतात. तेव्हा मी ऑर्डरी बंदच ठेवते. तुमचे कोणते, ते वही उघडून पाहा.

आईच्या रुखवतातले क्रोशाचे रुमाल सापडलेत. पिवळे पडलेत, लुळे झालेत. पूर्वीसारखे कडक कसे होतील? (सांगली)

आधी उजेडासमोर धरून तुटलेले टाके शोधा आणि त्याच जाडीच्या दोऱ्याने बांधून घ्या. नाहीतर पाण्यात छोट्या भोकाचं मोठं होतं. मग कोमट पाण्यात सौम्य साबण घालून रात्रभर भिजवा, चोळू नका, पिळू नका. क्लोरीनचं ब्लीच अजिबात नको, जुनं सूत त्याने कुजतं. थोडे पिवळे राहिले तर राहू देत.

साबुदाण्याची पातळ खळ करा, गाळून घ्या, गुठळी राहिली तर जाळीत अडकून बसते. रुमाल बुडवून दोन पंचांमध्ये दाबा. जाड टॉवेलवर पसरून मधला गोल आधी सारखा करा, मग प्रत्येक पाकळीचं टोक ओढून गंज न चढणाऱ्या टाचणीने टोचा आणि सावलीत वाळू द्या. साखरेच्या पाण्यानेही कडक होतात, पण मुंग्या लागतात. आणि परत पेटीत ठेवणार असाल तर खळ धुऊन काढूनच ठेवा, तिच्यावर कसर येते. वापरायच्या आदल्या दिवशी पुन्हा घालता येते.