पाणकणसातली पाखरं बघायची असतील तर

अरे, सोलापूरच्या कंबर तलावावर दोन रविवार गेलास आणि फटाकडी (दलदलीतलं छोटं, लाजरं पाखरू) दिसली नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. ही पाखरं सहसा उघड्या पाण्यावर येत नाहीत. उजाडायच्या आधी पोच, पाणकणसाची, म्हणजे काठच्या उंच पाणगवताची, कड जिथे चिखलाला मिळते तिथे नजर लाव आणि तासभर हलू नकोस. आधी कान तयार कर. पावसाळ्यात लाजरी पाणकोंबडी 'कुवाक-कुवाक' ओरडत राहते, तिच्यापासून सुरुवात कर.

रंगीत पाणलावा दिसला तर नीट बघ. यात मादी भडक रंगाची असते, नर फिका. अंडी नर उबवतो, पिल्लंही तोच सांभाळतो. म्हणून फिका पक्षी जागचा हलत नसेल तर मागे फिर, जवळ घरटं असेल.

एक कळकळीने सांगतो, मोबाइलवर आवाज वाजवून त्यांना बाहेर काढू नकोस. विणीच्या दिवसांत तो पक्षी घरटं सोडून भांडायला धावतो. घरट्याचा फोटो आणि जागा कुठेही टाकू नकोस. अंडी उचलणं तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे.

हिप्परगा तलावावर किंवा उजनी धरणाच्या काठी गेलास तरी हेच पाळ. काठ 'स्वच्छ' करताना सगळंच पाणकणीस उपटलं जात असेल, तर तारखेसह नोंद ठेव आणि वनविभागाला लेखी कळव.