पहिल्यांदाच पाठीवर तंबू? सॅन हसिंटोला जा

पहिला मुक्काम असेल तर कॅलिफोर्नियातलं माउंट सॅन हसिंटो स्टेट पार्क बरं. पाम स्प्रिंग्जची ट्राम (म्हणजे आपला रोपवे) थेट ८,५१६ फुटांवर सोडते आणि राउंड व्हॅलीची तंबू ठोकायची जागा तिथून जेमतेम दोन मैल. पण गोम इथेच आहे. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. इथे तू त्याच्या कितीतरी वर झोपणार आहेस. खाली वाळवंटात घामाच्या धारा, वर उन्हाळ्यातही रात्री दात वाजतात. १०,८३४ फुटांच्या शिखराचा हट्ट पहिल्याच दिवशी धरू नकोस. डोकं ठणकून मळमळायला लागलं तर मुकाट खाली उतर.

मुक्कामाचं परमिट आधी काढ. शेकोटीला बंदी, कुत्रा नेता येत नाही.

खाण्याचं मात्र नीट ऐक. त्या उंचीवर पाणी साधारण ९१ अंशांनाच उकळतं. कच्च्या तुरीच्या डाळीची खिचडी लावलीस तर गॅस संपेल, डाळ शिजणार नाही. घरून रवा भाजून, फोडणी-मीठ घालून ने. वर नुसतं उकळतं पाणी ओतून झाकायचं. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी. लोणच्याची काचेची बरणी घरीच राहू दे (कोणीतरी नेतंच!). रात्री खाऊ तंबूत नको, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. खारुताई पिशवी कुरतडतात.

राउंड व्हॅलीत पाणी असतं, पण ते चालू आहे का हे निघायच्या दिवशी रेंजरला विचार, आणि फिल्टर केल्याशिवाय पिऊ नकोस. परतीची शेवटची ट्राम कितीची, तेही तेव्हाच विचारून घे.