घरच्या संगणकावर गाणं रेकॉर्ड करायचंय, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी भावगीतं गाते आणि पेटीची साथही स्वतःच करते. आजवर मोबाइलवर रेकॉर्ड करत होते, पण आवाज आणि पेटी एकमेकांत मिसळून जातात, मागाहून काहीच सुधारता येत नाही. घरी विंडोजचा साधा लॅपटॉप आहे, 8 जीबी रॅमचा. एक यूएसबी माइक नुकताच घेतलाय. भाचा म्हणतो एफएल स्टुडिओ टाक. ओळखीचे एक गिटारवादक म्हणतात, प्रो टूल्सशिवाय रेकॉर्डिंग म्हणजे वेळ घालवणं. ऑडॅसिटी फुकट मिळतं असंही ऐकलं. मी नेमकं काय घेऊ?

उत्तर : तुमचा भाचा आणि ते गिटारवादक, दोघंही आपापल्या कामापुरतं बरोबरच सांगताहेत. तुमचं काम वेगळं आहे. म्हणून ‘सगळ्यात चांगलं कोणतं’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि तुमच्याकडे आवाज संगणकात कुठून आणि कसा जाणार आहे, ते आधी बघा.

एफएल स्टुडिओ 1997 साली फ्रूटीलूप्स या नावाने आलं. ठेक्याचा छोटा तुकडा चौकटींत भरायचा, तो फिरता ठेवायचा, त्यावर दुसरा तुकडा चढवायचा, अशी त्याची मूळ घडण आहे. जे संगणकावरच बीट बांधतात त्यांच्या हातात ते पटकन बसतं. त्यात माइकवरून गाणंही घेता येतं, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग गाणाऱ्या माणसाला त्याची मांडणी उलटी वाटते. शिवाय त्याच्या चाचणी-आवृत्तीत सेव्ह केलेलं काम, विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. हे भाच्याकडून कळलं नसेल तर माझ्याकडून कळू द्या.

प्रो टूल्स 1991 पासून आहे आणि मोठ्या स्टुडिओंच्या कामाच्या पद्धतीवर बेतलेलं आहे. एका स्टुडिओतलं काम उचलून दुसऱ्या स्टुडिओत न्यायचं असेल, तर ते येणं फायद्याचंच. त्याच्या इंट्रो या मोफत आवृत्तीत 8 ऑडिओ ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळे साठवायच्या ओळी, मिळतात. पेटी आणि गळा एवढंच असेल, तर 8 भरपूर झाले. तरी साध्या लॅपटॉपवर ते जड चालतं, म्हणून तुम्हाला तो आग्रह मी करणार नाही.

ऑडॅसिटीबद्दल मला मनापासून आदर आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात 1999 मध्ये सुरू झालेलं आणि 2000 पासून सर्वांना खुलं असलेलं हे सॉफ्टवेअर किती जणांच्या हाताखालून गेलं असेल! एखादं तयार रेकॉर्डिंग कापायला, खरखर कमी करायला, आवाजाची पातळी वाढवायला ते झकास आहे. पूर्वी त्यात दिलेला इफेक्ट मूळ आवाजावर कायमचा बसायचा. 2022 च्या 3.2 आवृत्तीपासून गाणं ऐकता ऐकता इफेक्ट कमीजास्त करता येतो. पण एकावर एक ट्रॅक चढवत पूर्ण गाणं उभं करायचं, दहा वेळा गायलेल्या अंतऱ्यातून ओळीओळीने निवड करायची, पुढेमागे कीबोर्डवरून तानपुऱ्याचा किंवा बासरीचा स्वर वाजवून घ्यायचा, हे तिथे हवं तितकं सुखाचं होत नाही.

तुम्ही रीपर घ्या. संगणकावर गाणी ऐकायचं विनॅम्प ज्यांनी बनवलं त्या जस्टिन फ्रँकेल यांचंच हे काम. डाउनलोड अगदी लहान आहे, जुन्या लॅपटॉपवरही ते दमत नाही, आणि 60 दिवस ते पूर्णच्या पूर्ण वापरून बघता येतं, एकही सोय बंद ठेवलेली नसते. त्याचं उणंही सांगते. सोबत तयार वाद्यांचे आवाज जवळजवळ नाहीत, दिसायला ते रुक्ष आहे आणि सेटिंग्जचं रान आहे. त्या रानात शिरू नका. ट्रॅक जोडणं, लाल बटण दाबून रेकॉर्ड करणं, तुकडा कापणं, आवाज कमीजास्त करणं, एवढं आलं की गाणं होतं.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे येते. आवाज आणि पेटी वेगवेगळे हवेत, पण हे कुठलंही सॉफ्टवेअर आपोआप नीट करून देणार नाही. तुम्ही एकाच माइकसमोर गात गात पेटी वाजवलीत, तर दोन्ही एकाच ट्रॅकवर येणार. दोन यूएसबी माइक लावून भागेल असंही समजू नका. प्रत्येक माइकच्या आतलं घड्याळ वेगळं चालतं, आणि रेकॉर्डिंग लांबलं की दोन आवाज एकमेकांपासून सरकत जातात. दोन माइक एकदम लावायचेच असतील तर दोन इनपुटचा एक ऑडिओ इंटरफेस, म्हणजे साधे माइक संगणकाला जोडणारी छोटी पेटी, हवा. तरीही पेटीच्या माइकमध्ये थोडा गळा आणि गळ्याच्या माइकमध्ये थोडी पेटी येतेच.

एका माइकवर करण्याजोगी माझी रीत अशी. आधी नेहमीसारखं गात वाजवत पूर्ण गाणं पहिल्या ट्रॅकवर घ्या. हा ट्रॅक फक्त वाट दाखवायला. मग हेडफोन लावून तो ऐकत ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर नुसती पेटी वाजवा. मग पहिला ट्रॅक बंद करून, ती पेटी ऐकत तिसऱ्यावर गा. थेट पेटीपासून सुरुवात केली की साथ कोरडी होते. गाताना तुम्ही कुठे श्वास घेता, कोणत्या शब्दावर रेंगाळता, हे बोटांना माहीत असतं, पण नुसतं वाजवताना ती ते विसरतात. वाट दाखवणाऱ्या ट्रॅकमुळे ती आठवण राहते. हेडफोन कान पूर्ण झाकणारे असू द्यात, नाहीतर त्यातली पेटी माइकमध्ये शिरेल. ब्लूटूथचे तर अजिबात नकोत, त्यांच्यात आवाज उशिरा पोचतो.

उशिराचा विषय निघालाच आहे तर तो नीट सांगते, कारण ‘सॉफ्टवेअर वाईट आहे’ म्हणून लोक जे सोडून देतात ते बहुतेक वेळा यापायी. संगणक आवाजाचे नमुने एकेक करून नव्हे, तर गठ्ठ्याने हाताळतो. त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला 44,100 नमुने धरले, तर 128 चा बफर म्हणजे साधारण 3 मिलिसेकंद आणि 1024 चा म्हणजे 23. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना पुन्हा एकदा हा वेळ लागतो, वर ड्रायव्हरची, म्हणजे माइक आणि संगणक यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची, भर. आपलाच आवाज असा मागून ऐकू आला की गाणारा अडखळतो, लय ओढली जाते, सूरही डळमळतो. म्हणून रेकॉर्ड करताना बफर लहान ठेवा आणि मिक्सिंगला बसलात की मोठा करा, म्हणजे लॅपटॉपवर ताण येत नाही. तुमच्या यूएसबी माइकला हेडफोनची खाच असेल तर काम आणखी सोपं. आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो. मात्र अशा वेळी सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग, म्हणजे गाताना आपला आवाज परत ऐकवण्याची सोय, बंद करा, नाहीतर स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येईल.

आणखी दोन गोष्टी आणि तुम्ही लगेच सुरू करू शकता. नवीन प्रोजेक्ट 24 बिट, 48,000 हर्ट्झवर ठेवा. एका माइकचं एक मिनिट सुमारे साडेआठ एमबी होतं, म्हणजे जागेची चिंता नाही. आणि तार सप्तकातला जोरातला स्वर लावून पाहा. मीटर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहिला पाहिजे. 24 बिटमध्ये हळू आलेला आवाज मागून वाढवता येतो, फाटलेला मात्र सांधता येत नाही. रीपरमध्ये क्लिक, म्हणजे लयीची टिकटिक, आणि मात्रांच्या रेघा असतात. तुमचं गाणं ठाय लयीत सैलसर चालणारं असेल, तर क्लिक बंद करा आणि तुकडे रेघांना चिकटवणारं स्नॅपचं बटणही बंद करा. गाणं रेघांच्या मापाने कापायची काही गरज नाही.

प्रश्न : मी कीबोर्डवर चाली बांधतो. मॅक आहे, त्यात गॅरेजबँड आहेच. पण सगळे सांगतात की ते लहान मुलांचं आहे, मॅकवरचंच मोठं, विकतचं लॉजिक घ्यायला हवं. खरं का?

उत्तर : अजिबात ऐकू नका. 2004 पासून असलेल्या गॅरेजबँडमध्ये वाद्यांचे आवाज उत्तम आहेत, आणि कीबोर्डवाल्याला तेच आधी लागतात. तुम्ही वाजवलेलं मिडीच्या रूपात साठवलं जातं, म्हणजे कोणती पट्टी किती जोरात आणि किती वेळ दाबली याची नोंद राहते. पियानोवर वाजवलेलं उद्या व्हायोलिनवर ऐकता येतं, एखादा चुकलेला स्वर माउसने उचलून जागेवर ठेवता येतो. चाल बांधणाऱ्याला याहून मोठी मोकळीक कोणती?

गाण्याच्या मध्येच मात्रा बदलायच्या असतील, किंवा ट्रॅक इतके वाढले की सगळे एका मिक्सरच्या खिडकीत शेजारी शेजारी दिसायला हवेत असं वाटू लागलं, की लॉजिककडे जा. गॅरेजबँडमधलं काम लॉजिकमध्ये जसंच्या तसं उघडतं, त्यामुळे आज केलेलं वाया जाणार नाही.

प्रश्न : मित्राने एका महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत दिली आहे. शिकण्यापुरती वापरली तर चालेल का?

उत्तर : नाही. कायद्याचं आणि बनवणाऱ्यांच्या कष्टाचं तर आहेच, पण अशा प्रतींबरोबर व्हायरस येतो, आणि तो येतो तुमची सगळी गाणी असलेल्या त्याच संगणकावर. खरं म्हणजे गरजच नाही. ‘वेव्हफॉर्म फ्री’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात ट्रॅकच्या संख्येला मर्यादा नाही. लिनक्स वापरत असाल तर आर्डर आहे. एलएमएमएस मोफत आहे, पण त्यात माइकवरून रेकॉर्डिंग होत नाही, फक्त संगणकावरच्या वाद्यांवर काम करणाऱ्याने ते घ्यावं. ऑडिओ इंटरफेस घेतला असेल तर त्याच्या खोक्यातली कागदं पुन्हा काढून बघा. बऱ्याच इंटरफेसबरोबर एखाद्या मोठ्या सॉफ्टवेअरची छोटी, अधिकृत आवृत्ती मिळते आणि तिचा कोड तसाच पडून राहतो.

प्रश्न : मासिक वर्गणीचं सॉफ्टवेअर घ्यावं का? उद्या वर्गणी थांबवली किंवा कंपनीच बंद पडली, तर माझ्या जुन्या गाण्यांचं काय?

उत्तर : हौसेने, सवडीने काम करणाऱ्याने वर्गणीच्या वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कधी कधी दोन दोन महिने एकही टेक होत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. त्या काळात पैसे जात राहिले की छंदाचं ओझं होतं. एकदाच घ्यायचं किंवा मोफत, यांतलं निवडा.

कंपनी बंद पडण्याची भीती मात्र खरी आहे. केकवॉक कंपनीचं सोनार हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर कितीतरी लोकांचं रोजचं साधन होतं. नोव्हेंबर 2017 मध्ये तिची मालक असलेल्या गिब्सनने केकवॉकचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि वापरणारे हवालदिल झाले. पुढे फेब्रुवारी 2018 मध्ये बँडलॅब या दुसऱ्या कंपनीने ते घेतलं आणि त्याच वर्षी मोफत दिलं, म्हणून निभावलं. दर वेळी असा कोणी पुढे येईलच असं नाही.

प्रोजेक्टची फाइल साधारण त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. बिटविग आणि प्रिसोनस या सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांनी 2023 मध्ये डीएडब्ल्यूप्रोजेक्ट नावाचा खुला साचा आणला, त्यामुळे काही सॉफ्टवेअरमध्ये काम इकडून तिकडे नेता येतं. पण तोही सगळीकडे चालत नाही. वेव्ह फाइल मात्र सगळीकडे उघडते. म्हणून गाणं पुरं झालं की प्रत्येक ट्रॅक वेगवेगळा, इफेक्टसह एकदा आणि इफेक्टशिवाय एकदा, वेव्हमध्ये काढून ठेवा. प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासूनच सुरू झाली पाहिजे, तो ट्रॅक तिसऱ्या मिनिटाला वाजायला लागत असला तरी. मग कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाइल एकाखाली एक ठेवल्या की गाणं आपोआप जुळतं. मिडीवर वाजवलेली वाद्यंही अशीच आवाजाच्या रूपात काढा. नुसती मिडी राहिली आणि त्या वाद्याचा प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर, पुढे चालेनासा झाला, तर स्वर उरतील, वाद्य जाईल.

काढण्याआधी ट्रॅकना नावं द्या. ‘ट्रॅक 7’ म्हणजे काय हे दोन वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही. ‘पेटी’, ‘गळा मुख्य’, ‘गळा दुसरा’ असं लिहिलेलं लगेच कळतं. सोबत एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये गाण्याची पट्टी, लय आणि वापरलेल्या प्लगइनची नावं टिपून ठेवा. आणि हे सगळं दोन जागी ठेवा, त्यातली एक जागा संगणकाबाहेरची.