आधी पार्किंग मोजा

भाऊ, नेक्सॉनसारखी छोटी एसयूव्ही घ्यावी की क्रेटासारखी मिडसाइज, हे ठरवायचं असेल तर शोरूमला जाण्याआधी टेप घेऊन स्वतःच्या पार्किंगमध्ये उभे राहा. नेक्सॉनची लांबी ३९९५ मिलिमीटर, क्रेटाची ४३३०. फरक जेमतेम फूटभर, पण नाशिकच्या गजबजलेल्या रविवार कारंजाजवळ रिव्हर्स घेताना तोच फूट घाम काढतो. माझ्या मागच्या बंपरवरचा ओरखडा तिथलाच, अजून रंगवला नाही. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, मिडसाइजला ४०.

मात्र मागे आई-वडील आणि मधे पोरगं बसणार असेल, तर टेस्ट ड्राइव्हला तिघांनाही न्या. खांद्याला खांदा घासला की लगेच कळतं. रोजचं ऑफिस आणि अधूनमधून वणीचा गड एवढंच असेल, तर लहानच बरी. दर पंधरवड्याला मुंबईहून भरल्या गाडीनं कसारा घाट चढायचा असेल, तर सनरूफचं नंतर बघू, आधी इंजिन विचारा.