शेवरी आधी, शेळ्या नंतर

प्रश्न : चाकण एमआयडीसीत पाळीची नोकरी आहे. गाव खेड तालुक्यात, दीड एकर बागायत, घरी आई-वडील. जोडधंदा म्हणून शेळीपालन करायचे आहे. शेळ्या पुरवणारा म्हणतो, एकदम 50 घ्या, करडे मीच परत घेईन. आणल्या दिवशीच जंताचे औषध दुप्पट द्या, असे दुकानदाराचे म्हणणे. काय करावे?

उत्तर : 50 नको, 5 घ्या. आणि त्याही आत्ता नाही. तुम्ही पाळीवर गेल्यावर राबणार आई, आणि तिला झेपतील तेवढ्याच शेळ्या गोठ्यात हव्यात. नोकरी सोडायचा विचारही नको.

या जूनमध्ये बांधाला शेवरी (चाऱ्यासाठी लावायचे झुडूप) टोका, 5 गुंठे मेथीघासाला (लसूणघासाला) ठेवा. शेळीला दिवसाला 3-4 किलो हिरवा चारा आणि किलोभर कोरडी वैरण लागते. ते विकत घेऊन जोडधंदा होत नाही, पगार मात्र संपतो. शेवरी दिवाळीपर्यंत कापणीला येते. तोवर हरभऱ्याचे, तुरीचे भुसकट कुठे मिळेल ते पाहून ठेवा. मग उस्मानाबादी किंवा संगमनेरी, 2 ते 4 दाती (म्हणजे तरुण), जुळी देणाऱ्या शेळ्या गोठ्यावर जाऊन निवडा. भर पावसात प्रवास करून आलेली शेळी खोकत येते आणि तुमच्या गोठ्यात मरते. शेडचा थाट नको; शेळीमागे 10-12 चौरस फूट कोरडी जागा आणि बाहेर तारेचे कुंपण पुरे.

'करडे मी परत घेईन' हे तोंडी आश्वासन आहे. त्यावर एक रुपया लावू नका.

आता औषध. दुप्पट डोस देऊ नका. अंदाजाने देऊ नका. आणल्या दिवशी तर मुळीच देऊ नका. एका गोठ्यात मोठ्या शेळीचा आणि तीन महिन्यांच्या करडाचा डोस एकाच बाटलीच्या बुचाने मापलेला मी पाहिला आहे. सकाळी तीन करडे आडवी होती. लेव्हॅमिसोल हे जंताचे औषध जास्त झाले की जनावर लाळ गाळते, थरथरते, दगावते. गाभण राहिल्यावर सुरुवातीच्या दिवसांत अल्बेंडाझोल हे दुसरे जंतनाशक दिले तर गर्भाला इजा होते. दुकानदाराला तुमची शेळी गाभण आहे की नाही हे माहीत नसते, त्याला बाटली विकायची असते. नवीन शेळ्या 21 दिवस वेगळ्या बांधा, लेंड्या सरकारी दवाखान्यात तपासा, ताणकाट्याला वजन करा, मग डॉक्टर लिहून देतील तेवढेच द्या. जनावर सावरल्यावर पीपीआरची (शेळ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची) लस. आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन शेळी दगावते, त्या रोगाची) दरवर्षी पावसाळ्याआधी. आजारी शेळीला लस टोचायची नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

योजना : राज्याची 10 शेळ्या 1 बोकड, अनुदान सर्वसाधारण गटाला 50 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 75. केंद्राचे राष्ट्रीय पशुधन अभियान 100 शेळ्यांपासून पुढे, ते तुमच्यासाठी नाही. अनुदानासाठी शेळ्या वाढवू नका. प्रशिक्षणासाठी पुण्यात गोखलेनगरच्या शेळी-मेंढी महामंडळात चौकशी करा.

शेळी बोकडाला दाखवली ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. 150 दिवसांच्या आसपास ती विते. त्या आठवड्यात रात्रपाळी बदलून घ्या, नाळेला लावायला टिंक्चर आयोडीन घरात ठेवा आणि करडू पहिल्या तासात चीक पिते का हे स्वतः उभे राहून पाहा. अडली तर दुकानात नाही, 1962 या सरकारी पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन.