स्पंजला मराठीत काय म्हणतात?

‘स्पंज या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता आणि हा शब्द किती अर्थांनी वापरतात?’ असं तुम्ही विचारलंय. प्रतिशब्द नाही. शोधत बसू नका. माझा मेहुणा 1987 सालापासून शोधतोय, मराठीचा मास्तर आहे, त्यालाही सापडलेला नाही.

आता 1987 का, ते सांगतो. नाहीतर उत्तर अर्धवट राहील.

मी बँकेत कॅशला होतो, नाशिकरोडला. कॅशियरच्या टेबलावर प्लास्टिकची एक गोल डबी असते, तिच्यात ओला स्पंज. बोट टेकवायचं आणि नोटा मोजायच्या. सकाळी आल्यावर देवाला हात जोडावेत तसं मी आधी त्या डबीत पाणी घालायचो. थुंकी लावून मोजणारे सहकारी होते, त्यांच्याशी मी चहासुद्धा लांबूनच प्यायचो. आमच्या गावात नोटा छापतात, करन्सी नोट प्रेस इथलीच. टपालाची तिकिटं छापणारी सिक्युरिटी प्रेसही इथलीच, आणि ती तिकिटं चिकटवायला पोस्टाच्या काउंटरवर पुन्हा तोच ओला स्पंज. म्हणजे स्पंज ही वस्तू मला कोणी शिकवायची गरज नव्हती, असं मी समजत होतो.

डिसेंबर होता. नाशिकची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मुलगी चार वर्षांची, दोन दिवस तापाने फणफणलेली. डॉक्टर संध्याकाळी येऊन गेले, पातळ औषध दिलं आणि निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाले, ‘रात्री ताप चढला तर स्पंजिंग करा.’ मी मान हलवली. आपण बँकेत आहोत, शिकलेले आहोत, डॉक्टरला उलट काय विचारायचं?

रात्री साडेदहाला ताप चढला. बायको म्हणाली, ‘अहो, डॉक्टर काय म्हणाले होते?’ म्हटलं, स्पंज लागेल. घरात स्पंज नव्हता. माझा होता तो बँकेत, कुलपात, आणि हजार लोकांच्या नोटांना लागलेला, तो काही मी पोरीच्या कपाळाला लावला नसता. काढली सायकल. जेलरोडवरून बिटको चौकापर्यंत एकही दुकान उघडं नाही. एका औषधाच्या दुकानाचं शटर वाजवलं, वरच्या खिडकीतून मालक म्हणाला, ‘स्पंज? तो स्टेशनरीवाल्याकडे.’ स्टेशनरीवाला झोपलेला. शेवटी स्टेशन. तिथे रात्रभर जाग असते.

स्टेशनबाहेर रिक्षावाले शेकोटी करून बसले होते. एकाला विचारलं, स्पंज मिळेल का कुठे, पोरगी आजारी आहे. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग काही न बोलता उठला, रिक्षाची मागची सीट उचलली, रेक्झिन जिथे फाटलं होतं तिथे हात घातला आणि आतला वीतभर पिवळा तुकडा ओढून काढला. ‘घ्या भाऊ, स्पंज.’ पैसे घेतले नाहीत. माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या भेटींमध्ये ही पहिल्या पाचात बसेल.

साडेबाराला घरी पोहोचलो. पोरगी शांत झोपलेली. ताप उतरलेला. झालं असं की मी गेल्यावर माझ्या आईने पातेल्यात कोमट पाणी घेतलं, वडिलांच्या जुन्या धोतराचं फडकं भिजवून पिळलं आणि नातीचं कपाळ, मान, काखा, हातपाय पुन्हा पुन्हा पुसून काढले. आई दुसरी यत्ता शिकलेली. स्पंजिंग हा शब्द तिने ऐकलेला नव्हता. तिने फक्त अंग पुसलं. आणि डॉक्टरला म्हणायचं होतं तेही तेवढंच.

मी दारात उभा, हातात रिक्षाच्या सीटचा तुकडा. आणि खाटेवर रजई गुंडाळून बसलेला माझा मेहुणा. नाताळच्या सुट्टीत तो दरवर्षी यायचा. तो जे हसायला लागला ते आजतागायत थांबलेलं नाही. एकही लग्न, एकही बारसं असं झालं नाही जिथे त्याने ‘दाजींचा स्पंज’ सांगितला नाही. आणि शेवट ठरलेला: ‘म्हणून म्हणतो दाजी, मराठी शब्द वापरावेत.’

मला राग हसण्याचा नाही. राग या शेवटाचा आहे. कारण त्याने सुचवलेले मराठी शब्द ऐका: ‘जलशोषी’, आणि पुढे काही वर्षांनी ‘शोषपिंड’. शोषपिंड! पिंड म्हटलं की नाशिकच्या माणसाला रामकुंड आणि कावळा आठवतो. डॉक्टर त्या रात्री ‘शोषपिंडन करा’ म्हणाले असते तर मी सायकल कुठे नेली असती, तुम्हीच सांगा.

मराठीत या वस्तूला नाव नाही, कारण ती वस्तू आपल्या किनाऱ्यावर वापरात नव्हती. पण ती जे काम करते त्याला आपल्याकडे क्रियापदं ढीगभर आहेत. वांगं तेल पितं. भिंत पाणी पिते. कणीक पाणी पिते. मिसळीतला पाव तर्री पितो. शाई टिपतात, घाम टिपतात, अंग पुसतात. हुशार पोराला आपण टीपकागद म्हणतो, त्याला स्पंज म्हणायची फॅशन आत्ताची, भाषांतरातून आलेली. केक स्पंजी झालाय असं आता सगळे म्हणतात, पण माझी आई ढोकळ्याला ‘जाळी छान पडली’ म्हणायची आणि इडलीला लुसलुशीत. यातला एकही शब्द कोणी समितीत बसून घडवलेला नाही.

आणि वस्तू म्हणाल तर ती आमच्या परसात वेलीवर लटकत होती. गिलकं. पुण्याकडे घोसाळं म्हणतात, आम्ही गिलकं. कोवळं असताना भजी आणि भाजी. जून झालं की वेलीवरच वाळू द्यायचं, साल सोलायची, बिया झटकायच्या, आतली जाळी अंग घासायला. इंग्रजीत त्या वेलाला स्पंजवरूनच नाव आहे. आता हेच गिलकं लूफा म्हणून खोक्यात घालून विकतात आणि आमची सून ते पैसे मोजून आणते. असो.

अर्थ किती, या तुमच्या प्रश्नाकडे येतो. ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे. रिक्षावाल्याचा स्पंज म्हणजे फोम. स्पंजची चप्पल म्हणतो त्यात रबर असतं. मधल्या काळात माझी जालन्याला बदली झाली, तिथे कर्जाच्या फायलींत ‘स्पंज आयर्न’ भेटलं. मी आधी घासणीच समजलो, खोटं कशाला बोलू. तर ते लोखंड असतं. खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून घेतात, तो गेला की जागोजागी भोकं राहतात, म्हणून स्पंज. जगात सगळ्यात जास्त ते आपल्या देशात तयार होतं, आणि जालन्याच्या सळ्यांच्या कारखान्यांत भंगाराबरोबर तेही वितळवतात. त्याने पाणी टिपायला जाऊ नका. उलट ओलं झालं तर गंजता गंजता तापतं, ढीगच्या ढीग पेटू शकतो.

बँकेच्या करमणूक कक्षात टेबल टेनिस होतं, तिथला आमचा जुना खेळाडू सांगायचा ती गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. 1952 साली जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. तोपर्यंत सगळे दाणेदार रबराच्या बॅटने खेळायचे, चेंडूचा टक्-टक् आवाज ऐकून अंदाज बांधायचे. याच्या बॅटचा आवाजच येईना. भले भले गारद झाले आणि सातो विजेता ठरला. पुढे 1959 मध्ये नियम करून नुसत्या स्पंजची बॅट बंद केली, रबराखाली ठरावीक जाडीचा चालतो. म्हणजे स्पंजमुळे गोंधळलेला मी एकटा नाही, जगज्जेते गोंधळलेत, आणि तेही मुंबईत.

मूळ स्पंज हा प्राणी आहे, हे मला मुलीच्या शाळेच्या पुस्तकातून कळलं. समुद्राच्या तळाला चिकटून बसणारा, मेंदू नाही, नसा नाहीत, अंगभर छिद्रं. पाणी आत घ्यायचं, त्यातलं खाणं गाळायचं, पाणी सोडून द्यायचं. मराठी पुस्तकात त्या संघाला ‘रंध्रीय प्राणी’ म्हटलंय. पण उदाहरण देताना तेच पुस्तक ‘आंघोळीचा स्पंज’ म्हणतं. मी ते पान उघडून मेहुण्यासमोर धरलं होतं. तो म्हणाला, छपाईची चूक असेल.

तीच मुलगी आता ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. तिथे स्पंज म्हणजे गॉजची घडी. रक्त टिपायला लागते. पोट शिवण्याआधी एकूण एक घडी मोजून हिशेब जुळवावा लागतो, आत एक जरी राहिली तरी माणसाच्या जिवाशी खेळ. मी स्पंजवर बोट टेकून मोजायचो, ती स्पंजच मोजते. माझ्या कॅशमध्ये कमी पडले तर पगारातून भरायचे, तिच्याकडे तशी सोय नाही. तिला एकदा विचारलं, तुमच्या मराठी सिस्टर या घड्यांना काय म्हणतात? म्हणाली, ‘पप्पा, स्पंज. दुसरं काय म्हणणार?’

तेव्हा माझा सल्ला असा की शब्द आहे तसा लिहा. टेबल, बटण, पाव लिहिताना आपला हात अडत नाही, मग इथेच का अडावा? ज्याला सांगताय त्याचा धंदा काय तेवढं बघा. आणि डॉक्टर असाल तर ‘कोमट पाण्याने अंग पुसा’ एवढं पूर्ण वाक्य बोला, दारात चप्पल घालताना एक शब्द फेकू नका.

एक राहिलं. वरचं वाचून कोणी तापलेल्या पोराला रात्री पुसायला घेईल, म्हणून सांगतो: बर्फाचं किंवा गार पाणी वापरू नका, पोर कुडकुडतं आणि ताप आणखी चढतो. मुलगी म्हणते आताचे डॉक्टर पुसण्यावर पूर्वीइतका भर देत नाहीत, औषध आणि पोटात पाणी जाणं महत्त्वाचं. लहान बाळ असेल तर थेट दवाखाना गाठा. आणि भाषेबद्दल मी काही पंडित नाही, कोकणात किंवा विदर्भात एखादा वेगळा शब्द चालत असेल तर खाली लिहा, मी मेहुण्याला कळू देणार नाही.

हो, आणि एक अर्थ मुद्दाम शेवटी ठेवलाय. इंग्रजीत जो दुसऱ्याच्या घरी राहून आयतं खातो त्यालाही स्पंज म्हणतात. आपल्याकडे त्याला आयतोबा, फुकट्या, बांडगूळ असे खणखणीत शब्द आहेत, तिथे इंग्रजीची गरज नाही. पण सांगून ठेवतो, 1987 च्या त्या डिसेंबरात तो माझ्या घरी एकवीस दिवस होता, आणि त्या रात्री सायकल काढायला तो रजईतून उठला नव्हता.